शेवटच्या ओळीचं पाणी

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे एक तर राग ओसरलाय, नाहीतर बाबांना काही झालं की काय अशी धास्ती वाटली. बाबा बरे आहेत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की फाडायचं ते निवांत ठरवता येईल.

पत्ता मामेबहिणीकडून घेतला. त्यासाठी तीन फोन करावे लागले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "देते, पण भांडायला जाऊ नकोस हं." मी म्हटलं, अगं, भांडायला अंगात त्राण लागतं, ते कुठून आणू? तू पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहेस आणि तिथे तुझ्या सहीशिवाय एक बाटली पुढे सरकत नाही, हेही तिनेच सांगितलं. ऐकून बरं वाटलं. हे उगीच लिहीत नाहीये.

बाबा माझ्याकडेच आहेत. गुडघे गेलेत, ऐकायला कमी येतं, पण आपल्याबद्दल बोललेलं बरोबर ऐकू येतं. दिवसभर गॅलरीत बसून असतात. आपल्या केंद्राच्या काचघरात तीस वर्षं झारी धरलेला माणूस, एक थेंब वाया गेला तर आपल्या दोघींना केवढं बोलायचे आठवतं ना? भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत गेलं पाहिजे. आता गोळ्या घेतल्या की पेला विसळतात, कण्हतकुंथत उठतात, आत येतात आणि ते पाणी बेसिनमध्ये ओततात. खुर्चीला लागूनच असलेली माझी कुंडी वाळून कोळसा झालीय. वयाबरोबर सवयी सुटतात म्हणायचं, दुसरं काय.

आता कामाचं. एकशे सतरा नंबर तू विसरली नसशीलच. खाऱ्या जमिनीसाठीचं कापसाचं वाण म्हणून त्याची मंजुरी शेवटच्या टप्प्यावर आलीय. वीस मार्चला बैठक आहे. फाइलला जुन्या नोंदी जोडायच्या असतात. तुझी ती हिरव्या पुठ्ठ्याची वही, कुंड्यांच्या निचऱ्याच्या पाण्यात मीठ किती ते तू दर आठवड्याला मोजायचीस ती, तुझ्याकडे असेल तर पाठव. फाइल पूर्ण असावी, इतकंच.

तुझी,
मोठी


१५ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते.

मागच्या पत्रात थाप मारली. फाइल पूर्ण आहे. संचालक साहेबांना तुझी वही नकोय, त्यांना वही होती हेही ठाऊक नाही. वही मला हवीय.

माझ्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करतेय. काटकुळी आहे, बोलताना चष्मा वर ढकलते, आणि खोटं बोलायची अक्कल तिला अजून आलेली नाही. तिला मी सोपं वाटणारं काम दिलं होतं. एकशे सतरा मिठाला टिकतं ते नेमकं कुठल्या जनुकांमुळे, ते शोधायचं. तिने एकशे सतराचा संकर एका साध्या वाणाशी केला, त्या संकराची पुढची पिढी वाढवली. एकशे शहाऐंशी झाडं. सगळ्यांना खारं पाणी दिलं. गुण रक्तातला असेल तर या पोरांमध्ये त्याची वाटणी दिसायला हवी. आपल्या घरात नाही का, नाक तुला आजीचं मिळालं आणि हट्ट मला बाबांचा. तसं काही झाडं एका बाजूवर जाणार, काही दुसऱ्या, बरीचशी अधलीमधली. जी टिकली त्यांच्यात गुणसूत्राचा अमुक एक तुकडा सापडतो, जी करपली त्यांच्यात नाही, असं जुळलं की काम झालं.

कापसाच्या गुणसूत्रांच्या सव्वीसच्या सव्वीस जोड्या तिने चाळून काढल्या. प्रत्येक झाडाचं पान वाळवून, त्यातलं सोडियम मोजून. कुठेच काही जुळेना. झाडं सरसकट सारखीच करपत होती. सोमवारी दुपारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, पोरांचं सोडा, आईबापांतच फरक नाहीये."

"म्हणजे?"

"मी नुसतं एकशे सतरा आणि साधं वाण शेजारी शेजारी लावून बघितलं. तीनदा. विसाव्या दिवशी दोन्ही करपतात. सारखीच."

मी तिला काय म्हटलं असेन? म्हटलं, "मीटर नीट धुतला होतास का?"

वाक्य तोंडातून गेलं आणि समोरचा चहा घेववेना. तुला हे वाक्य ओळखीचं आहे. अकरा वर्षांपूर्वी भरल्या बैठकीत तुला हेच विचारलं होतं मी, याच आवाजात. तू तेव्हा नुसतं बघितलंस माझ्याकडे. ही मुलगी म्हणाली, "हो मॅडम, दोनदा," आणि चष्मा वर ढकलला.

तू विचारशील, मग शेतातल्या चाचण्यांत ते वाण पास कसं झालं? झालं, कारण कापूस म्हणून ते चांगलंच आहे. शिवाय ज्या तीन वर्षांत चाचण्या झाल्या त्यांत पाऊस भरपूर होता. मीठ धुऊन खाली गेलं, पीक वर आलं आणि श्रेय आम्ही घेतलं. कोरड्या वर्षी चाचणी घ्यावी असं मला एकदा वाटलं होतं. मग कामं निघाली. मला नको असलेल्या गोष्टींच्या वेळी नेहमीच कामं निघतात.

वहीचं बघ.

मोठी


२८ फेब्रुवारी

धाकटे,

आज खाडीकडच्या एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. तीन वाहनं बदलून आलेल्या. पिशवीतून मातीचं ढेकूळ काढून त्यांनी माझ्या टेबलावर, कागदांवरच ठेवलं. वर पांढरी खपली. त्यांच्या जमिनीत गेली कित्येक वर्षं काही उगवत नाही. बांधालगत एक चिंचोळा पट्टा तेवढा बरा आहे, त्यावर गुरांची वैरण होते. बाकी सगळं ओसाड.

"तुमचं नवं बी यंदा मिळणार म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी ठरवलंय, सगळं रान त्याखाली आणायचं. वैरणीचा पट्टासुद्धा. अर्धवट काही करायची सवय नाही मला."

मी म्हटलं, पट्टा राहू द्या, पहिल्या वर्षी थोडं लावून बघा. त्या हसल्या.

"का? तुमचाच भरवसा नाही का तुमच्या बियावर?"

मी काहीतरी तांत्रिक बोलले. लोकांनी पुढे विचारू नये म्हणून आम्ही जे बोलतो ते. जाताना त्यांनी दारात थांबून एवढंच विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलंय ना ते खाऱ्यात वाढताना?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं, हीच तर गंमत आहे. मी बघितलं होतं. आजूबाजूला सगळं करपत असताना शेवटच्या ओळीतल्या त्या चार कुंड्या हिरव्यागार होत्या. कसल्या देखण्या होत्या गं. मी रोज सकाळी आधी तिकडे जायचे.

ढेकूळ अजून टेबलावरच आहे. झाडूवाल्या मावशींनी उचलायला हात लावला तर मी खेकसले.

आता लिहितेच, नाहीतर हे पत्रही मागच्यासारखं गोल गोल फिरत राहील.

तू बैठकीत म्हणालीस, शेवटच्या ओळीच्या निचऱ्यात मीठ निम्मं आहे, ते का हे आधी शोधा. मी तुला सगळ्यांदेखत झिडकारलं. त्या दिवशी घरी मी तुला म्हटलं, माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही. तू जेवण टाकून उठलीस. एवढं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर काचघरात गेले आणि ड्रमाच्या मागे उभी राहिले. बाबा आले. खाऱ्या पाण्याची झारी भरून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, शेवटच्या ओळीपर्यंत आले. मग नळाखाली झारी भरली, गोल फिरवून विसळली आणि ते झारीभर गोडं पाणी शेवटच्या ओळीच्या टोकाला, एकशे सतराच्या चार कुंड्यांत ओतलं. सवयीने. पाणी फेकायचं कसं, झाडं असताना? रोज एक झारी गोडं पाणी. मीठ रोजच्या रोज धुऊन जात होतं.

एकाच वाणाच्या चारही कुंड्या एका जागी ठेवायच्या नसतात. आठवड्याला कुंड्यांच्या जागा बदलायच्या असतात. हे मी मुलांना पहिल्या तासाला शिकवते. त्या वेळी मी बदलल्या नव्हत्या, मोजायला सोपं जावं म्हणून. म्हणजे चूक बाबांची नव्हतीच. ती माझी होती आणि सकाळच्या उन्हात समोर दिसत होती. मी मूग गिळून बाहेर आले.

आणि पुढच्या महिन्यात तुझी नेमणूक वाढवायची का असा कागद माझ्याकडे अभिप्रायाला आला. मी लिहिलं, "नोंदी ठेवण्यात निष्काळजीपणा." कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्या तुझ्याबद्दल. तुला वाटत असेल साहेबांनी काढलं. साहेबांनी नुसती सही केली.

स्वतःला मी सांगत आले की बाबांना वाचवलं. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष होतं, पोरीच्या प्रयोगाचा बापाने विचका केला असं लोक म्हणाले असते. अकरा वर्षं हे कारण पुरलं. आज त्या बाईंपुढे पुरेना.

मोठी


९ मार्च

धाकटे,

वही मिळाली. सोबत चिठ्ठी नाही, एक ओळसुद्धा नाही. पाकीट उलटं करून झटकून बघितलं मी. असो. वही पाठवलीस हेच खूप.

अक्षर तसंच आहे, शाळेच्या फळ्यावरचं. पहिली ओळ सोळा, दुसरी साडेपंधरा, तिसरी सोळा, शेवटची सात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. प्रत्येक आकड्यापुढे "मीटर धुतला" असं लिहिलंयस. बैठकीच्या आधीपासून. मी तुला ते विचारायच्या आधीपासून तू लिहीत होतीस.

आणि पाचव्या आठवड्याच्या पानावर समासात पेन्सिलीने: "बाबांची झारी?" त्यावर काट मारलेली. एकच, सरळ रेघ, पट्टीने ओढल्यासारखी.

म्हणजे तुला बैठकीच्या आधीपासूनच माहीत होतं. बैठकीत तू फक्त "का ते शोधा" म्हणालीस. झारी म्हटलं असतंस तर त्याच मिनिटाला तुझं खरं ठरलं असतं आणि नोकरीही राहिली असती. तू बाबांचं नाव घेतलं नाहीस. नंतर घरात मी तुझ्यावर ओरडले होते, बाबांना यात ओढू नकोस म्हणून. तू कधी ओढलंच नव्हतं. बाबांना वाचवलं ते तू. मी त्यांच्या आडून स्वतःला वाचवलं.

वाचून मी दार लावून रडले. या वयात ऑफिसात रडणं फार अवघड जातं, लोक सर्दीची गोळी आणून देतात.

एक गोष्ट राहिलीय. मागच्या पत्रात मी ड्रमामागून बाहेर आले असं लिहिलं, ते अर्धंच होतं. बाबांनी मला बघितलं होतं. झारी हातात घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मोठे, धाकटी म्हणते हे पाणी बाहेर ओता. बाहेर ओतू का? इथे बरी वाढतायत बिचारी."

मी म्हटलं, "चालू द्या. तिचं काय ऐकता."

बाबांनी विचारलं होतं गं मला. ते माझ्या हुकमाने पाणी घालत राहिले, पुढचे सहा आठवडे. मी रोज येऊन पानं मोजत राहिले.

बैठक वीस तारखेला आहे. गोदामात बियाच्या चारशे पिशव्या तयार आहेत, वर निळ्या अक्षरात "एकशे सतरा". मी काय करणार आहे ते लिहीत नाही. लिहिलं आणि ऐनवेळी शेपूट घातलं तर तुझ्यासमोर आणखी एक खोटं वाढेल.

मोठी


२२ मार्च

धाकटे,

सांगितलं.

फार काही नाट्य झालं नाही. मला वाटलं होतं छत कोसळेल. अकरा माणसं होती, त्यांतली दोन फोनमध्ये. माझी पाळी आल्यावर मी तुझी वही उघडली आणि चारही ओळींचे आकडे वाचून दाखवले. मग त्या मुलीचे आकडे. मग झारीचं सांगितलं, कुंड्या मी हलवल्या नव्हत्या हे सांगितलं, आणि हे मला तेव्हापासून माहीत होतं हेही सांगितलं. यावर फोनवाले दोघं वर बघायला लागले.

साहेब म्हणाले, "बाई, हे तुम्ही आत्ता सांगताय?"

मी म्हटलं, "हो. उशीर झालाय."

"पिशव्या शिवून झाल्यात."

"उसवाव्या लागतील."

वाण नामंजूर झालं. पिशव्या परत जातील, साध्या जमिनीसाठी साधं बी म्हणून. माझा जुना शोधनिबंध मी मागे घेतेय, चौकशी बसणार आहे, प्रमुखपद बहुधा जाईल. ते जाऊ दे. मला खरंच दमायला झालंय, खुर्ची गेली तर बसायला स्टूल चालेल. टिपणात मी तुझं पूर्ण नाव घातलंय, माहेरच्या आडनावासकट: निचऱ्याच्या नोंदी यांनी घेतल्या, त्या अचूक होत्या, त्यांच्याविरुद्धचा अभिप्राय खोटा होता आणि तो मी लिहिला होता. प्रत सोबत आहे. तुला त्याचा आता काही उपयोग नाही हे मला कळतं.

त्या मुलीच्या प्रबंधाचं काय, हे तू विचारशीलच. ती म्हणाली, "मॅडम, बियांच्या कोठीत सहाशे जुनी वाणं पडलीत. ती घेऊन पहिल्यापासून सुरू करू. कुंड्या मी हलवीन." चष्मा वर ढकलला आणि गेली. चार वर्षं पाण्यात गेली तिची, आणि मला एका शब्दानेही बोलली नाही. तुझ्या जातकुळीची आहे.

खाडीकडच्या बाईंना मी बैठकीच्या आदल्या दिवशीच फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वैरणीचा पट्टा परवा नांगरायला घेणार होते." पुढे म्हणाल्या, "म्हणजे अजून काहीच नाही आमच्यासाठी." मी म्हटलं, नाही, अजून काहीच नाही. त्यांनी फोन ठेवला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता बाबांचं. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

काल सकाळी गॅलरीत त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. बैठक, वाण, तुझी वही. झारीचंही. मला भीती होती की इतक्या वर्षांनी कळल्यावर त्यांना ते झेपायचं नाही. एवढ्यासाठी तर मी सगळं दडपलं होतं, निदान स्वतःला तसं सांगत होते.

त्यांनी शांतपणे गोळ्या घेतल्या. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"धाकटीची नोकरी माझ्या झारीने गेली ते. ती गेली त्या दिवशीच कळलं. तू सांगितलं होतंस चालू द्या, म्हणून मी चालू दिलं. तू शिकलेली." मग म्हणाले, "तेव्हापासून मी विसळलेलं पाणी झाडाला घालत नाही."

धाकटे, मी पहिल्या पत्रात तुला मजेत लिहिलं होतं की वयाबरोबर सवयी सुटतात. अकरा वर्षं हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी उठून पेलाभर पाणी आत नेऊन ओततोय. माझ्या डोळ्यांदेखत. मी रोज बघत होते आणि एकदाही विचारलं नाही. पाण्याचा थेंब न सोडणाऱ्या माणसाने स्वतःला केवढी मोठी शिक्षा दिली होती, आणि मी चिडायचे की म्हाताऱ्याला साधी कुंडी दिसत नाही.

मी त्यांचे हात धरले. म्हटलं, बाबा, चूक तुमची नव्हती, माझी होती. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. मग पेल्यात थोडं पाणी घेतलं, गोल फिरवलं, आणि पेला हातात धरून त्या वाळलेल्या कुंडीकडे बघत बसले. खोडाच्या बुडाशी अजून बोटभर हिरवं आहे, मी नंतर नखाने खरवडून बघितलं.

"ओतू का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण बाबांनी मान हलवली.

"तुला नाही विचारत," म्हणाले. "धाकटीला विचार. तेव्हा ती सांगत होती, आपण ऐकलं नाही."

मग उठले, नेहमीसारखे आत गेले आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतून आले.

म्हणून विचारतेय. मला उत्तर नको. माझ्यावरचा राग राहू दे, तो हक्काचा आहे. पण पाकिटात मी पत्ता लिहिलेलं एक कार्ड ठेवलंय, त्यावर बाबांचं नाव आहे, माझं नाही. पाणी कुंडीत ओतलं तर चालेल का, एवढंच त्यांना कळव. एका शब्दात लिहिलंस तरी पुरे. मोठ्या अक्षरात लिही, त्यांना आता बारीक दिसत नाही.

मोठी